नुपूर का नाही आली?

कुमुदमावशींच्या पाळणाघरात एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. दुपारी मुलांची पंगत बसली, ताटल्या मांडल्या गेल्या, की वाढायला घेण्याआधी मावशी कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "आज कोण आलं नाही?" मुलं एका सुरात नाव ओरडायची. मग पुढचा प्रश्न, "का नाही आलं?" ज्याला ठाऊक असेल त्यानं उत्तर द्यायचं. ताप आलाय. आत्याकडे रावेरला गेलाय. बाबाला सुट्टी आहे म्हणून घरीच लोळतोय. एवढं कळलं की मगच वरणाचा डाव पहिल्या ताटलीत रिता व्हायचा.

यात देवाधर्माचं काही नव्हतं. पाळणाघर नवीन होतं तेव्हा एक पोरगा बरेच दिवस आलाच नाही, आणि बाकीच्या मुलांनी जेवण टाकलं. तीन-चार वर्षांची पोरं ती. शेजारी बसणारा काल होता आणि आज नाही, म्हणजे उद्या आपणही नसू, असा त्यांचा सरळ हिशेब. मावशी त्याच्या घरी जाऊन आल्या, अंगभर कांजिण्या आलेला तो पोरगा पतंग चिकटवत बसलाय असं त्यांनी मुलांना सांगितलं, आणि मुलं निमूट जेवली. तेव्हापासून हा नियम. मूल आलं नाही तर का आलं नाही, ते माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे.

गोष्ट जळगावची, आणि फार लांबच्या काळातली नाही. महाबळ भागात बिनड्रायव्हरच्या रिक्षा धावायला लागून दोनेक वर्षं झाली होती. पुढे कुणी बसलेलं नाही आणि चाकं फिरतायत, म्हणून मुलं तिला भूतरिक्षा म्हणायची. मग मोठेही तेच म्हणायला लागले. आईबाप सकाळी लेकराला तिच्यात बसवायचे, पट्टा लावायचे, बटण दाबायचे आणि आपल्या कामाला लागायचे. रिक्षा लेकराला मावशींच्या फाटकात आणून सोडायची.

पण पाळणाघर चालवणाऱ्या बाईचं खरं दुखणं मुलं नसतात हो, मुलांचे आईबाप असतात. सकाळी वेळेवर येतो म्हणालेलं पोर जेवणाच्या तोंडावर उगवणार, तेही उपाशी. एखादं येणारच नाही, आणि त्याच्यासाठी वेगळा शिजवलेला मऊ भात तसाच राहणार. संध्याकाळची तर बातच सोडा. "मावशी, पोचतेच, चौकात आहे," असं सांगणारी बाई तेव्हा ऑफिसच्या खुर्चीतून उठलेलीसुद्धा नसते. इकडे फाटकाला नाक लावून उभं असलेलं लेकरू प्रत्येक हॉर्नला "आई!" म्हणून ओरडतं, आणि मावशींचा जीव तीळतीळ तुटतो.

म्हणून 'अदमास' आलं तेव्हा मावशींना आनंदच झाला होता. ते भूतरिक्षावाल्या कंपनीनंच काढलेलं, आणि त्यांची मुलगी अर्पिता त्याच कंपनीत कामाला. जिल्ह्यातली सगळी घरगुती पाळणाघरं तिच्याकडे, आणि घराच्या वरच्या मजल्यावर बसून ती ते काम करायची. आईच्या भिंतीवर अदमासचा पडदा तिनंच ठोकून घेतला. पुढे महापालिकेनं नियमच केला की ज्याच्या भिंतीवर अदमास नाही त्याला पाळणाघराची मान्यता नाही.

अदमासची करामत समजायला फार डोकं लागत नाही. उद्या पाऊस पडेल हे सांगताना हवामान खातं काही एकेका ढगाची गाठ घेत नाही. हवेचा दाब, वारा, आर्द्रता आणि मागच्या कित्येक वर्षांचा अनुभव जुळवून ते अंदाज बांधतं. अदमास तेच माणसांचं करायचं. आईबापांच्या मनगटावरचे पट्टे, घरातला विजेचा मीटर, सकाळी गिझर लागला की नाही, कुणी सुट्टी टाकलीय, रात्री लेकरू किती वेळा उठलं, हे सगळं ते मागच्या हजेरीशी ताडून पाहायचं आणि सकाळी उजाडता उजाडता सांगून टाकायचं: हा येईल, ही उशिरा येईल, तो येणार नाही. नुसतं सांगून थांबायचं नाही. येणार नाही म्हटलं की त्या मुलाची जागा त्या दिवसापुरती बंद, आणि तिथं जवळपासचं गरजू मूल पाठवलं जायचं. शंभरातले पंचाण्णव अंदाज बरोबर यायचे. मावशींचा भात वाया जायचा बंद झाला. संध्याकाळी लेकरांना खरं सांगता यायला लागलं, की आईला अजून वेळ आहे, चल, तोवर आपण मटार सोलू.

आणि मग हळूहळू एक गोष्ट झाली, जी कुणाच्या ध्यानातही आली नाही. लोकांनी कळवायचं सोडून दिलं. "मावशी, आज नाही येत हं," हा सकाळचा निरोप बंदच झाला. कशाला कळवायचं? अदमासला ठाऊक असतंच की! आणि आईबाप कळवत नाहीत म्हटल्यावर पंगतीतल्या मुलांना तरी काय कळणार? मावशींनी "का नाही आलं?" विचारलं की मुलं एकमेकांची तोंडं बघायची. काही दिवसांनी ती कारणं रचायला लागली. "तो चंद्रावर गेलाय." "तिला माकडानं पळवलं." सगळी खिदळायची. मावशीही हसायच्या, पण डाव हातात घ्यायला त्यांना उशीर व्हायला लागला.

त्या फोन करायला लागल्या. एका आईला भर मीटिंगमध्ये फोन गेला, तिनं तक्रार ठोकली. अदमासनं मावशींच्या नावावर 'अनावश्यक संपर्क' अशी नोंद केली. दुसऱ्या वेळी तर फारच झालं. त्यांनी एका बापाला विचारलं, पोरगं का नाही आलं, आणि बाप गोंधळला. बायको भांडून, त्याला न सांगता, लेकराला घेऊन माहेरी निघाली होती, हे त्याला मावशींच्या फोनमुळे कळलं. दोन्हीकडचे लोक पाळणाघराच्या फाटकात उभे राहून एकमेकांच्या अंगावर धावले. त्यात मावशींचं चुकलंच होतं, आणि ते त्या नाकारत नव्हत्या. दुसरी नोंद झाली. यापुढचा असा कुठलाही फोन तक्रार नसली तरी आपोआप नोंदला जाणार होता, आणि तिसऱ्या नोंदीला मान्यता रद्द, असा कंपनीचा नियम होता. मान्यता गेली की पाळणाघर गेलं, आणि नवरा गेल्यापासून त्यांनी उभं केलेलं एवढं एकच तर होतं.

एप्रिल अर्धा सरला होता. जळगावचा एप्रिल म्हणजे सांगायलाच नको, सकाळीच रस्त्यावरून वाफा निघत होत्या. अदमासनं आपल्या गोड आवाजात सांगितलं, "नुपूर नारखेडे आज येणार नाही. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के." नुपूर म्हणजे तीन वर्षांचं, नाकावर राग असलेलं पोर. तिच्या जागी रिंग रोडकडचं एक नवीन बाळ आलं होतं आणि रडून रडून लालेलाल झालं होतं. त्याला खांद्यावर घेऊन मावशींची सकाळ गेली.

पंगत बसली. "आज कोण आलं नाही?"

"नुपूर!"

"का नाही आली?"

 मग विहंग नावाचा एक चुरचुरीत पोरगा म्हणाला, "तिला वाघानं खाल्लं." दुसरी म्हणाली, "ती विरघळली." सगळी फिदीफिदी हसली. ते नवीन बाळसुद्धा रडता रडता हसलं.

मावशींनी डाव पातेल्यात परत ठेवला. का ठेवला, ते त्यांना सांगता आलं नसतं. उगाच कसला संकेत वगैरे मिळाला नव्हता त्यांना. महिनोन्महिने साठलेला राग होता तो, दुसरं काही नाही. त्या जिन्याशी गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "अर्पे! नुपूर का नाही आली गं?"

अर्पिता कानातलं यंत्र काढत जिन्यावर आली. "आई, अठ्ठ्याण्णव टक्के खात्री आहे."

"किती ते नाही विचारलं. का ते विचारलं."

"कारण नाही देत ते. फक्त अंदाज देतं."

"मग मी फोन लावते."

अर्पिता दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. "आई, वेड लागलंय का तुला? तिसरी नोंद होईल! मला थांबवतासुद्धा येणार नाही, ते आपोआप होतं. पाळणाघर बंद पडेल. मागच्या वेळेस तुझ्या फोननं काय महाभारत झालं, विसरलीस?"

"नाही विसरले. माझी चूकच होती ती. अजून दहा वेळा चुकेन आणि लोकांच्या शिव्या खाईन. पण त्या पोरीचं काय झालं हे एका तरी जिवंत माणसानं मला सांगितल्याशिवाय मी आज वाढणार नाही."

"आणि मुलं उपाशी?"

"मुलांना काकडी दे."

मावशींनी नुपूरच्या बापाला, परागला फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, बंद झाली. पडद्यावरून आवाज आला, "हा संपर्क अनावश्यक होता. तुमच्या नावावर तिसरी नोंद झाली आहे."

"कर, कर," मावशी पडद्याकडे न बघता म्हणाल्या, "चौथीपण करून ठेव." आणि त्यांनी नुपूरच्या आईला फोन लावला.

रोहिणी एमआयडीसीतल्या सौरपट्ट्यांच्या कारखान्यात होती. तिथल्या आतल्या खोलीत धुळीचा कणसुद्धा चालत नाही, म्हणून फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. फोन कपाटातच वाजला असणार. मावशींनी कारखान्याच्या गेटचा नंबर शोधला. वॉचमन म्हणाला, "ताई, आत फोन देता येत नाही."

"फोन नको देऊ. तू स्वतः आत जा, दादा, आणि तिला बाहेर घेऊन ये. पाळणाघरातून कुमुदमावशीचा फोन आहे म्हण."

"साहेब ओरडतील."

"साहेबाला म्हणावं, एका म्हातारीनं डोकं खाल्लं. जा, बाबा, तुझ्या पाया पडते."

किती वेळ गेला देव जाणे. मुलांच्या काकड्या खाऊन संपल्या. मग रोहिणीचा धापा टाकणारा आवाज आला, "मावशी? काय झालं? पडली का नुपूर?"

"अगं, पडायला ती इथं हवी ना! आज का नाही आली ती?"



"नाही आली म्हणजे?" रोहिणी म्हणाली. "ती तुमच्याकडंच आहे ना?"

  रोहिणी रडत, अडखळत सांगत होती. भुसावळला मावसबहिणीची हळद होती. तिनं सुट्टी टाकली होती, नुपूरला घेऊन जायचं ठरलं होतं. पहाटे साहेबाचा फोन आला, माणसं कमी आहेत, सुट्टी रद्द. ती तशीच कंपनीच्या बसकडे पळाली. पराग रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता, तो नुपूरला रिक्षात बसवणार होता. रोहिणीनं शेजाऱ्यांना फोन करून दार ठोठावायला लावलं. झोपेतून उठलेला पराग मावशींना फोनवर ओरडून सांगत होता, "बसवलं मी तिला! पट्टा लावला, बटण दाबलं! झोपली होती ती!"

 रिक्षा कुठं आहेत ते बघायची अर्पिताला परवानगी नव्हती. ते खातं वेगळं होतं आणि तसं केल्याचं कळलं तर नोकरी जाणार होती. तिनं क्षणभर आईकडे पाहिलं आणि सरळ रिक्षांचा नकाशा उघडला. "नुपूरच्या दारातून निघालेली रिक्षा एमआयडीसीच्या अलीकडच्या चार्जिंग शेडमध्ये उभी आहे. सकाळपासून तिथंच आहे, आई. रिकामी दाखवतंय."

"स्कूटर काढ."

शेजारच्या शैलाकाकूंना मावशींनी अक्षरशः हाताला धरून ओढत आणलं, त्यांच्या हातात डाव दिला आणि म्हणाल्या, "वाढा आणि बघा." पदर खोचून त्या स्कूटरवर मागे बसल्या. हवा अंगाला पोळत होती. 

शेडवर पत्रे होते. खाली रिक्षांची लांबलचक रांग, सगळ्यांच्या पोटाला वायरी लावलेल्या, आणि माणूस म्हणाल तर नावालाही नाही. अर्पिता नंबर वाचत धावत सुटली. "ही! हीच!" काचा काळ्या होत्या. मावशींनी दोन्ही हातांचा आडोसा करून काचेला डोळे लावले. आत सीटवर रोहिणीची ओढणी पसरलेली होती, आणि ओढणीतून एक छोटं पाऊल बाहेर आलेलं होतं. हलत नव्हतं.

अर्पितानं दार उघडायचा हुकूम दिला. रिक्षा म्हणाली, "वाहन रिकामे आहे. चार्जिंग सुरू आहे."

"उघड! मूल आहे आत!"

"वाहन रिकामे आहे. चार्जिंग सुरू आहे."

"रिकामं तुझं डोकं!" मावशी किंचाळल्या. कुंपणाच्या कडेला एक तुटकी वीट पडली होती. ती उचलून त्यांनी काचेवर घातली. काच फुटेना. दुसऱ्यांदा घातली. रिक्षा त्याच गोड आवाजात आपलं रिकामपण सांगत होती. तिसऱ्यांदा त्यांनी कोपऱ्यावर नेम धरला, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं, आणि काच चुरा होऊन आत कोसळली. तळहाताला धार लागली, रक्त आलं, ते त्यांना नंतर कळलं.

नुपूरचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. ओठ कोरडे, मान टाकलेली. पण नाकापाशी बोट धरलं तर श्वास लागत होता. अर्पितानं स्कूटरच्या डिकीतली पाण्याची बाटली तिच्या अंगावर रिकामी केली, मावशींनी पदर भिजवून तिला त्यात गुंडाळलं, आणि दोघी सरकारी दवाखान्याकडे सुटल्या. "नुपू, ए नुपू, बोल ना गं, रागाव माझ्यावर," मावशी सारखं बडबडत होत्या. नुपूर बोलली नाही, पण दवाखान्याच्या दारात तिनं बारीक आवाजात कण्हून डोकं हलवलं.

सलाइन लागलं, बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. रोहिणी कामाच्या पांढऱ्या कपड्यांतच आली आणि खाटेजवळ जमिनीवर बसून राहिली. डॉक्टर बराच वेळ आतच होते. मग बाहेर येऊन म्हणाले, "लघवी झाली, म्हणजे किडन्या चालू आहेत. आता भिऊ नका." मावशी भिंतीला टेकून ढसाढसा रडल्या. इतक्या वेळचं सगळं रडू एकदम आलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अर्पितानं, जेवढं तिला कळलं होतं तेवढं, आईला सांगितलं. रिक्षात कॅमेरा होता, सीटखाली वजन मोजायची सोय होती. कॅमेऱ्याला ओढणीचा ढीग दिसला, सीटला थोडं वजन लागलं. मूल आहे की सामान, हे नुसतं त्यावरून ठरेना. अशा वेळी यंत्र दोन गोष्टी तराजूत घालतं: डोळ्यांना काय दिसतंय, आणि आपल्याला आधीपासून काय ठाऊक आहे. डोळ्यांना अर्धवट दिसत होतं. आधीपासून मात्र पक्कं ठाऊक होतं, की नुपूर आज येणार नाही. सुट्टीचा अर्ज होता, गिझर लागला नव्हता. तराजू त्या बाजूला झुकला. यंत्रानं ठरवलं, की बटण चुकून दाबलं गेलंय आणि सीटवर कुणाचं तरी राहिलेलं गाठोडं आहे. पाळणाघरातली जागा बंद झालेली, म्हणजे तिकडे जायचं कारण नाही. रिक्षा निमूट चार्जिंगला जाऊन उभी राहिली.

"म्हणजे ते बिघडलं नव्हतं?" मावशींनी विचारलं.

"नाही. बरोबर चाललं होतं. जसं बनवलंय तसंच." अर्पिता म्हणाली, "आई, हे बनवणाऱ्यांत मीपण आहे."

पलीकडच्या बाकावर पराग डोकं धरून बसला होता. तो उठून मावशींसमोर आला, खाली बघत म्हणाला, "मावशी, खरं सांगू? तुमचा फोन मी उचलला असता ना, तर झोपमोड केली म्हणून मीच तक्रार केली असती."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाल्या. "बस इथं. चहा घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचे टेंभेसाहेब पुण्याहून हजर झाले. चाळिशीचे, नम्र, पायातले बूट दाराबाहेर काढून आत येणारे. बरोबर साडी आणि पेढ्यांचं खोकं. त्यांनी मावशींच्या हाताच्या पट्टीकडे पाहून हळहळ व्यक्त केली, आणि ती खोटी नव्हती. मग मुद्द्यावर आले. "काकू, तुमची तिसरी नोंद आम्ही पुसून टाकतो. मान्यता कायम. फक्त कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोला, की अदमास आणि मी, आम्ही मिळून नुपूरला शोधलं."

"मिळून? ते तर मला रिकामं आहे रिकामं आहे म्हणून सांगत होतं."

"शब्द तुमचे तुम्ही निवडा हो. आणि दुसरी गोष्ट ऐकून तुम्हाला आनंदच होईल. तुमची पद्धत आम्ही उचलतोय! पुढच्या महिन्यापासून, मूल आलं नाही की अदमास स्वतः आईबापांना फोन करून कारण विचारणार. राज्यभर. आणि आमची इच्छा अशी आहे, की आवाज तुमचा असावा."

अर्पिता जिन्यावर उभी होती. तिला वाटलं, आई ओरडेल. पण मावशी शांत होत्या.

"साहेब, तुमचं यंत्र चुकलं याचा मला राग नाही. मीपण चुकते, एकाचं घर मोडायला निघाले होते मी. माझा राग वेगळाच आहे. तुम्ही सगळं आधीच सांगायला लागलात, म्हणून लोक कळवायचं विसरले. एका मेसेजचं काम, तेही विसरले. आता माझा आवाज नेऊन तुम्ही विचारायचंही विसरायला लावणार. मग आईबापाला फोन येईल, कुमुदमावशी बोलत असेल, आणि इथं मला त्यातलं काही ठाऊकच नसेल. नाही जमायचं. माझा आवाज मी वापरते अजून."

"काकू, तुम्ही नाही म्हणालात तर तिसरी नोंद तशीच राहील. नियम आहे, माझ्या हातात नाही. उद्यापासून मान्यता नसेल."

"मला कळलंय ते."

"विचार करा."

"करून झाला. पेढे घेऊन जा. पोरांना मी इतकं गोड देत नाही."

टेंभे गेल्यावर मायलेकींचं वाजलं. अर्पिता म्हणाली, एक वाक्य बोलली असतीस तर काय बिघडलं असतं, पाळणाघर वाचलं असतं. मग स्वतःच रडायला लागली आणि म्हणाली, "मी सोडते ही नोकरी. तू एवढं सगळं घालवायला तयार झालीस, आणि मी त्यांच्याकडे काम करू?"

"अजिबात सोडायची नाही," मावशी म्हणाल्या. "ते तुला काढतील तेव्हा काढतील. तोवर आत बस आणि रोज त्यांचं डोकं खा. बाहेर ओरडायला मी आहे."

संध्याकाळभर त्यांनी एकेक करून सगळ्या घरी फोन केले. लपवाछपवी केली नाही. "उद्यापासून माझ्याकडे मान्यता नाही. पोर पाठवायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पाठवणार असाल तर आणून सोडायचं, माणसानं माणसाच्या हातात द्यायचं. येणार नसेल तर कळवायचं, उशीर होणार असेल तर कळवायचं. नाही कळवलं तर मी तुमच्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहीन." तिघांनी सरळ नाही म्हटलं, मान्यता नाही तर विमा लागू नाही, आम्हाला परवडणार नाही मावशी. त्यांचंही खोटं नव्हतं. बाकीचे म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे काय ते मावशींना चांगलंच ठाऊक होतं.

सकाळी टेंभे आले ते स्क्रू काढणाऱ्या माणसाला घेऊन. भिंतीवरचा पडदा काढायचा होता आणि फाटकावर पाळणाघर बंद असल्याची पाटी लावायची होती. माणसानं शिडी लावली तेव्हा पडदा अजून चालू होता. त्यानं आपलं शेवटचं काम चोख केलं. "आज येणारी मुले, एकही नाही."

"बघा," टेंभे हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते बोलायला बरं वाटलं नसावं.

मावशींनी कुकर लावला. डाळ धुतली. मुलं यायची वेळ झाली आणि टळून गेली. फाटकाशी कुणी आलं नाही. अर्पिता जिन्यात बसून होती, तिला खाली यायचा धीर होईना. पडदा उतरला, भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. टेंभे पाटी हातात धरून फाटकात उभे राहिले. मावशी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि त्यांचा हात डाळीतून निघत नव्हता. आपण हरलो, असं त्यांना त्या घटकेला अगदी स्पष्ट वाटलं.

फोन वाजला. रोहिणी होती.

"मावशी, नुपूर आज येणार नाही."

मावशींनी ओला हात पुसला. "का गं? बरी आहे ना?"

"बरी आहे. दूध प्यायली. मला मारलं तिनं, केस विंचरू देईना." रोहिणी म्हणाली, "मलाच तिला सोडवत नाहीये, मावशी. उद्याही बहुतेक नाही सोडवणार. पण मी कळवेन. रोज सकाळी कळवेन."

"कळव. मी वाट बघेन."

फोन ठेवताहेत तोच परत वाजला. विहंगचा बाप. स्कूटर पंक्चर झाली होती, पोराला चालवत आणत होता, पोरगं वाटेत प्रत्येक कुत्र्याशी बोलत होतं, वेळ लागेल. मावशी त्याच्याशी बोलत असतानाच तिसरा फोन मागे टुकटुक करायला लागला.

टेंभे फाटकातून सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे, काकू, आज नक्की कोण येणार आहे?"

"एक येणार नाही, तिच्या आईनं सांगितलंय. दुसरा उशिरा येतोय, त्याच्या बापानं सांगितलंय. बाकीचे सांगतायत." मावशींनी कानावरचा फोन बाजूला धरला आणि मोकळा हात हलवला. "तुम्ही पाटी लावा नाहीतर नका लावू, पण फाटक अडवून उभे राहू नका. पोरांना वाट द्या."

टेंभे बाजूला सरकले.